गाजराचा वायसर

मागच्या खेपेची आमच्या शिलाई मशीनची फजिती वाचून तुमच्यापैकी एकीने पत्रात विचारलं आहे, "बाई, तुमच्या घरी दर रविवारी काही ना काही मोडतंच का हो?"

मोडत नाही गं बाळ! मोडलेलं असतं ते सोमवारपासूनच. फक्त आमचं लक्ष जातं रविवारी. आठवडाभर शाळा, शनिवारी सकाळची शाळा, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, त्यात स्वयंपाकपाणी. मग रविवार उजाडला, चहाचा कप हातात आला, की घर हळूच कानाशी येऊन म्हणतं, "माझ्याकडे बघा की जरा!" कपाटाचं दार करकरतं, पंखा खडखडतो आणि न्हाणीघरातला नळ करतो... टप्... टप्... टप्...

आजची गोष्ट त्या टप्-टप्‌ची आहे. ती मी स्वतःहून लिहिलेली नाही, बरं का. मला ती लिहायला लावली आहे. कुणी, ते पुढे येईलच.

आधी आमच्या घराची थोडी ओळख. आम्ही लातूरला राहतो. घरात आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. मुलांचे बाबा, ते एसटीत वाहक आहेत. आठवीतला दादा, पाचवीतली छोटी आणि मी. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. पाच दिवसांनी एकदा येतं. ते आलं की खालच्या हौदात साठवायचं, मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि पुढचे पाच दिवस पुरवून पुरवून वापरायचं. टाकी हजार लिटरची. तिच्यात किती पाणी उरलं हे कळावं म्हणून दादाने एका काठीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या आहेत. टाकीतलं पाणी एक सेंटिमीटर उतरलं की साधारण दहा लिटर खर्च झालं, असा आमचा हिशेब. रोज सकाळी गच्चीवर जाऊन काठी बुडवायची आणि स्वयंपाकघरातल्या पाटीवर आकडा लिहायचा, हे काम छोटीचं. ते ती एक दिवस चुकवत नाही.

आता अशा घरात नळ गळायला लागला, तर घरातली मोठी माणसं काय करतील? नळ दुरुस्त करतील, असं तुम्ही म्हणाल. मी तसं केलं नाही. मी दंड बसवला!

चहाचा एक रिकामा डबा घेतला, त्याला वरून फट पाडली आणि चिठ्ठी डकवली : "नळ गळता ठेवणाऱ्यास १ रुपया दंड." शिक्षिकेचं डोकं, दुसरं काय! महिनाभरात डब्यात चौदा रुपये जमले. त्यातले दोन दादाचे, एक बाबांचा आणि अकरा छोटीचे.

अकरा! मला वाटलं, ही पोरगी फारच धांदरट. न्हाणीघरातून टप्-टप् ऐकू आलं की मी आतूनच ओरडायची, "शेवटी कोण गेलं होतं?" आणि दरवेळी उत्तर यायचं, "छोटी." मी नळ दोन्ही हातांनी करकचून आवळायची, टप्-टप् थांबायचं आणि मी विजयी मुद्रेने बाहेर यायची. बघा, नीट बंद केला की बंद होतो ना!

शुक्रवारी संध्याकाळी छोटीची मैत्रीण घरी आली होती. दोघी दारात बसून सागरगोटे खेळत होत्या. आतून टप्-टप् सुरू झालं आणि मी बाहेर येऊन तिच्या मैत्रिणीदेखत म्हटलं, "पाचवीत गेलीस ना गं? एवढा साधा नळ बंद करता येत नाही तुला?"

मैत्रीण फिस्सकन हसली. छोटी काही बोलली नाही. उठली, दप्तरातून एक रुपया काढला, डब्यात टाकला आणि परत येऊन बसली. बारा झाले. त्यानंतर खेळात ती सारखी हरत होती, हे मी पाहिलं. पण पाहिलं आणि सोडून दिलं.

शनिवारी दुपारी शाळेतून आल्यावर मात्र मी ठरवलं, की या नळाचा सोक्षमोक्ष लावायचाच. त्याआधी थोडं गणित करू म्हटलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ५ मिलिलिटरचं मापाचं झाकण असतं ना, ते दादाने नळाखाली धरलं आणि छोटीने थेंब मोजले. झाकण भरायला शंभर थेंब लागले. म्हणजे वीस थेंबांचं एक मिलिलिटर. घड्याळ लावून पाहिलं तर मिनिटाला साठ थेंब पडत होते. आता तुम्हीच करा हिशेब. मिनिटाला ३ मिलिलिटर, तासाला १८० आणि दिवसाला ४,३२० मिलिलिटर. म्हणजे जवळजवळ सव्वाचार लिटर! एका माणसाला दिवसभर पिऊन उरेल एवढं पाणी, नुसतं टप्-टप् करत मोरीत जात होतं.

(तुमच्या घरीही गळका नळ असेल तर हे करून पाहा. थेंब सगळीकडे सारखे नसतात. तोटीचं तोंड मोठं असेल तर थेंबही मोठा पडतो. तेव्हा आमचा आकडा उतरवून घेऊ नका, आपला आपण काढा.)

संध्याकाळी मी आणि दादा गंजगोलाईत गेलो. ज्यांनी लातूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गंजगोलाई म्हणजे आमची गोलाकार बाजारपेठ. मधोमध जगदंबेचं देऊळ आणि तिथून चहूबाजूंना फुटलेले सोळा रस्ते. लोखंडी सामानाच्या एका दुकानात मी ऐटीत म्हटलं, "नळाचा वायसर द्या."

"अर्धा इंची का पाऊण?" दुकानदारांनी विचारलं.

मी दादाकडे पाहिलं, दादाने माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, जुना काढून आणायचा असतो," ते हसून म्हणाले. "घरच्या नळाला बहुतेक अर्धाच लागतो, पण दोन्ही न्या. चार-पाच रुपयांची तर वस्तू." मग त्यांनी आपणहून आणखी एक गोष्ट सांगितली. "आधी टाकीखालचा कॉक बंद करा, आणि नळ उघडून बघा पाणी थांबलं का."

या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी ऐकला. दुसरा अर्धा, बाजारात शेंगा भाजत होत्या त्या वासात, कुठेतरी विरून गेला.

रविवार उजाडला. मुलांचे बाबा रात्रीच पुण्याची गाडी घेऊन गेले होते. छोटीने गच्चीवरून येऊन पाटीवर आकडा लिहिला : ३६. म्हणजे टाकीत साधारण साडेतीनशे लिटर. मागच्या वेळी पाणी सोडलं नेमकी तेव्हाच वीज गेली, त्यामुळे टाकी पुरती भरली नव्हती. पुढचं पाणी बुधवारी. त्यात रविवारचं धुणं, दोघांचे गणवेश, शिवाय दुपारी गाजराचा हलवा करायचा बेत. आजी ओसरीवर गाजरं निवडत बसल्या होत्या.

मी पदर खोचला, पाना घेतला, पकड घेतली आणि मुलांना न्हाणीघराच्या दारात उभं करून पाठच दिला म्हणा ना! "हे बघा, तोटीच्या पोटात एक गोल भोक असतं. पाणी त्या भोकातूनच वर येतं आणि तोंडातून खाली पडतं. चावी उजवीकडे फिरवली की आट्यांवरून दांडा खाली उतरतो, आणि त्याच्या टोकाचा रबरी वायसर त्या भोकावर घट्ट बसतो. बाटलीला बूच बसतं ना, तसा. वायसर झिजला की बूच सैल, आणि बूच सैल की टप्-टप्."

"म्हणजे नीट बंद केला तरी गळणार?" छोटीने विचारलं.

"झिजलेला असेल तर गळणार," मी म्हटलं. तिच्या प्रश्नात काय होतं ते तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. मुलांनो, मी रोज चाळीस मुलांचे प्रश्न ऐकते. पण कधी कधी शिक्षकाला प्रश्नाचं उत्तर तेवढं सुचतं, प्रश्न ऐकूच येत नाही.

दादाने गच्चीवर जाऊन टाकीखालचा कॉक फिरवला. "बंद केला गं आई!" वरून आवाज आला. मी पान्याने तोटीच्या डोक्यावरचा भाग सैल केला, चार आटे फिरवले आणि दांड्यासकट सगळं वर उचललं.

पहिलं काय दिसलं असेल, सांगा पाहू?

वायसर. दांड्याच्या टोकाला होता तो, पण अख्खा नव्हता. रबरावर गोल चरा पडला होता, बांगडीच्या वळासारखा, आणि त्या चऱ्यावरच तो चिरून दोन तुकडे झाला होता. असा चरा आपोआप पडत नाही. नळ गरजेपेक्षा जास्त आवळला की पितळेची कड रबरात रुतते. रोज रोज रुतली की रबर कापलं जातं. आणि आमच्या घरात रोज दोन्ही हातांनी, एकदा तर पकडीने, नळ करकचून आवळणारं माणूस एकच होतं.

छोटी नाजूक हाताने नळ बंद करत होती, आणि तेच बरोबर होतं! ती आंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जाते, कारण तिची शाळा दुपारची. म्हणून "शेवटी कोण?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी तीच. नळ मी बिघडवला आणि दंड तिने भरला. बारा रुपये.

हे सगळं माझ्या मनात यायला जेमतेम एक क्षण लागला असेल. कारण दुसऱ्याच क्षणी तोटीतून फस्सकन पाणी उसळलं आणि माझ्या तोंडावर आलं!

"अरे दादा, कॉक बंद कर!"

"केलाय गं!"

"मग हे काय?"

दादा धावत वर गेला. कॉकची चावी गरागरा फिरत होती, पण पाणी काही थांबेना. मागाहून कळलं ते असं, की आमच्याकडचं पाणी जड, क्षाराचं. चहाच्या भांड्याला, बादलीच्या बुडाला पांढरा थर धरतो ना, तसाच थर कॉकच्या आत चढला होता. कित्येक वर्षांत तो कुणी फिरवलाच नव्हता. आतली पितळी पट्टी वर अडकून बसली, ती दांड्यापासून सुटली आणि चावी नुसतीच फिरत राहिली. नळ खोलण्याआधी तो उघडून पाहिला असता तर हे तेव्हाच समजलं असतं. दुकानदारांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, आठवतो ना? मला तो तेव्हा आठवला, चिंब भिजल्यावर.

मी वरच्या भोकावर तळहात दाबून धरला. मग पाणी तोटीच्या तोंडातून धो-धो वाहू लागलं. तेवढं बरं झालं, खाली बादली तरी लावता आली. "भांडी आणा!" मी ओरडले. मग काय विचारता! बादल्या आल्या, कळशी आली, पातेली आली, कुकर आला. आजी लगबगीने परात घेऊन आल्या. "अगं माय माय माय! पाणी चाललं की गं सगळं!" बादल्या भरल्या, कळशी भरली, कुकरसुद्धा भरला. भांडी संपली आणि पाणी मोरीत जाऊ लागलं. शेजारच्या काकूंना हाक मारली तर त्यांच्या दाराला कुलूप. दादाने प्लंबरकाकांना फोन लावला तर ते गावाला, लग्नात. मला तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला घालणारी आमची आजी दिसत होती, आणि माझ्या बोटांमधून धो-धो वाहणारं पाणीही दिसत होतं.

इतक्यात माझ्या कोपराखालून एक छोटा हात पुढे आला. त्या हातात एक बारीकसं, निमुळतं गाजर होतं.

"आई, हात काढ. आतल्या भोकात बूच बसवायचं ना?"

मी हात बाजूला केला. पाणी दोघींच्या अंगावर उसळलं. छोटीने डोळे मिटूनच गाजराचं टोक तोटीच्या पोटात घातलं, आतलं भोक चाचपलं आणि गाजर दाबून किंचित पिळलं. तोटीच्या तोंडातली धार बारीक झाली. मग करंगळीएवढी झाली. मग टप्... टप्... आणि थांबली.

न्हाणीघरात एकदम शांतता! दादा कुकर हातात घेऊन उभा, आजी परात घेऊन उभ्या, मी नखशिखांत ओली, आणि नळाच्या डोक्यावर दिमाखात उभं असलेलं गाजर!

गंमत पाहा. गाजर निमुळतं असल्यामुळे भोक कितीही लहान-मोठं असो, कुठे ना कुठे ते घट्ट बसणारच. त्यातून आमची टाकी एका मजल्यावर, म्हणजे नळापासून फार तर दहा फूट उंच. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर अवलंबून असतो. उंच इमारतीतल्या खालच्या मजल्यावर हाच प्रयोग केला असता तर गाजर बाणासारखं छताला लागलं असतं. तेव्हा कृपा करून तुम्ही करून पाहू नका!

पुढचं काम सोपं झालं. मी दांड्याच्या टोकाला अर्धा इंची वायसर बसवला. दुकानदारांचा अंदाज बरोबर निघाला. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली. मग "एक, दोन, तीन!" म्हणताच छोटीने गाजर उपसलं, मी दांडा आत घातला आणि फिरवला. चार तांबे पाणी गेलं असेल. पान्याने घट्ट केलं आणि चावी हलक्या हाताने, दोन बोटांनी, बंद केली.

आम्ही चौघं कान देऊन उभे राहिलो. टप् नाही.

छोटी काहीही न बोलता गच्चीवर गेली. खाली येऊन तिने पाटीवरचा ३६ पुसला आणि तिथे १८ लिहिला.

अठरा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १८० लिटर टाकीतून गेलं होतं. भांड्यांत साठलेलं मोजलं, ते पन्नासएक लिटर भरलं. उरलेलं १३० लिटर मोरीत. दादा म्हणाला, "बारा-तेरा मिनिटांत!" छोटी पाटीवर भागाकार करत बसली होती. १३० भागिले ४.३२. मान वर न करता ती म्हणाली, "आई, तो नळ महिनाभर गळला असता ना, तरी एवढंच पाणी गेलं असतं. बरोब्बर तीस दिवस."

मी काय बोलणार!

आजी ओसरीवर गाजरं किसू लागल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, पण बोलल्या. "तू तेव्हा पाळण्यात होतीस गं छोटे. दोन हजार सोळा साल. मांजरा धरण आटलं. धनेगावच्या धरणात नुसत्या भेगा. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं व्हायला लागली म्हणून सरकारनं जमावबंदी लावली. आणि मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं बघ. माणसं स्टेशनावर ते पाणी बघायला गेली होती. पाणी बघायला!"

मुलांनो, हे अगदी खरं आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली पाणीगाडी लातूरला पोचली. तिला दहा टाक्यांचे डबे होते आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. पुढे पन्नास डब्यांच्या गाड्या आल्या. मिरज इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पाच लाख म्हटलं की केवढं मोठं वाटतं ना? पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भाग देऊन पाहा. त्या पहिल्या गाडीतलं पाणी सगळ्यांना सारखं वाटलं असतं तर माणशी सव्वा लिटर, फार तर त्याहून घोटभर जास्त.

दादानेही तो भागाकार केला. आणि मग आमच्या १३० लिटरला त्या आकड्याने भागलं. शंभर आलं. शंभर माणसांच्या वाट्याचं पाणी मी एका सकाळी मोरीत घालवलं होतं.

त्या दिवशी धुणं झालं नाही. उरलेलं १८० लिटर आणि भांड्यांतलं पन्नास, यावर चौघांना बुधवारपर्यंत काढायचं होतं. मुलांचे गणवेश तेवढे एका बादलीत चुबकून काढले आणि ते पाणी संडासासाठी ठेवलं. आंघोळीला एकेकाला अर्धी बादली. सोमवारी शेजारच्या काकूंनी दोन कळशा आणून दिल्या, न मागता. पोराटोरांकडून बातमी गल्लीभर झालीच होती, गाजरासकट.

पण पाण्याचं निभावलं हो. राहिलं होतं ते दुसरंच.

दुपारी मी डबा उघडला, बारा रुपये मोजून काढले आणि छोटीपुढे ठेवले. "हे तुझे. वायसर मीच तोडला होता. तुझी काही चूक नव्हती."

तिने पैशांकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"आणि माझा दंड मी घालते. किती घालू, तू सांग."

"तीस दिवसांचे तीस," दादा लगेच म्हणाला. त्याला गंमत वाटत होती. मी तीस रुपये टाकले.

छोटी तरी गप्पच. वर्गात असं पुष्कळदा होतं, मला माहीत आहे. खडू कोणी मोडला, खिडकी कोणी उघडी ठेवली, बाटली कोणाची सांडली? आमची नजर आधी एकाच बाकाकडे वळते. कधी कधी ते पोर निर्दोष निघतं आणि आम्ही "बरं, बस खाली" म्हणून फळ्याकडे वळतो. त्याला वाटतं तरी काय, हे कधी विचारत नाही. रविवारी मी माझ्याच घरात फळ्याकडे वळू शकत नव्हते.

"काय झालं गं?" मी विचारलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तू मला तिच्यासमोर बोललीस."

"कुणासमोर?"

"शुक्रवारी. ती हसली. तिने शाळेत सांगितलंसुद्धा, हिला नळ बंद करता येत नाही म्हणून."

मी म्हटलं, "मी उद्या तिला भेटून सांगते, की चूक माझी होती."

"नको. तू सांगशील आणि ती म्हणेल, आई आहे म्हणून सांगते." तिने थोडा विचार केला. "तू त्या साप्ताहिकात लिहितेस ना दर आठवड्याला? आमच्या वर्गात सगळे वाचतात. त्यात लिही."

"सगळं?"

"सगळं. पकडीने आवळत होतीस तेपण."

तर बालमित्रांनो, हे असं आहे. म्हणून हे लिहिलं. आमचा नळ छोटीमुळे गळत नव्हता. माझ्यामुळे गळत होता. मी न विचारता, न पाहता तिला दंड केला आणि तिच्या मैत्रिणीदेखत बोलले, याचं मला वाईट वाटतं. आणि न्हाणीघरातला पूर थांबवला तो तिनेच.

संध्याकाळी हलवा झाला, एक गाजर कमी घालून. ते गाजर आजींनी धुऊन देवापुढे ठेवलं होतं. सोमवारी सकाळी बाबा ड्यूटीवरून आले, देवघरात डोकावले आणि म्हणाले, "आज कोणता सण आहे?" मग त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते गच्चीवर जाऊन कॉक बघून आले. तो आता पुढच्या रविवारी बदलायचा आहे. बदलणार आहेत प्लंबरकाका, असं घरात चार विरुद्ध एक मतांनी ठरलं आहे.

हा मजकूर पाठवण्याआधी छोटीला वाचायला दिला. तिने लाल पेन घेऊन तीन ठिकाणी खुणा केल्या. एके ठिकाणी मी "आम्ही गाजर घातलं" असं लिहिलं होतं. तिथे तिने समासात लिहिलं, "आम्ही कोण?" ते मी दुरुस्त केलं. दुसरीकडे मी दंडाचे अकराच रुपये धरले होते, तिथे शुक्रवारचा एक वाढवला. तिसरी खूण शेवटी होती, "अंकाच्या दोन प्रती आणायच्या."

एक घरासाठी. दुसरी कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

तुमची,
बाई